आऊटबोर्डच्या बारीक क्लिपा परत बसवताना काय काळजी घेता? (ई-क्लिप, पिस्टन पिनची क्लिप, पंख्याची म्हणजे प्रोपेलरची पिन)

खाडीकाठचा – शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच. आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, आचऱ्याच्या खाडीत असते, तिच्यावर यामाहाचं ८ हॉर्सचं टू-स्ट्रोक एंडुरो आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन). बाबा आणि मी दोघंच जातो, संध्याकाळी जाळी टाकायची आणि पहाटे काढायची. जुलैत मासेमारी बंदी होती तेव्हा इंजिन पडवीत आणून कार्बोरेटर खोलला. आता पंपावर सगळीकडे इथेनॉलचं पेट्रोल, महिनाभर टाकीत राहिलं की पाणी धरतं आणि जेट चोंदतात, तसंच झालेलं. साफसफाई नीट झाली, त्याबद्दल काही प्रश्न नाही.

प्रश्न दुसराच आहे. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) बेसकडून कार्बोरेटरच्या लिव्हरला एक बारीक दांडी येते, तिच्या टोकाला वॉशर आणि एक ई-क्लिप (इंग्रजी E च्या आकाराची, खाचेत बसणारी चपटी क्लिप) होती. ती मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटली आणि गेली उडून. बाहेर पाऊस, अंगणात चिखल, दोन तास शोधली, बॅटरी लावून शोधली, नाही सापडली. मग सायकलच्या ब्रेक केबलचा एक धागा सोडवला, खाचेत दोन वेढे मारले, पकडीने पिळला आणि म्हटलं झालं काम.

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या फेरीला खाडीच्या मुखातून बाहेर पडत होतो, गाळामुळे तिथे लाटा फुटतात हे इकडच्या लोकांना माहीत आहे, आणि बरोबर तिथेच इंजिनाची रेस गेली. बंद नाही पडलं, नुसतं पुटपुटत राहिलं, हॅण्डल कितीही पिळलं तरी जोर नाही. होडी आडवी व्हायला लागली आणि एक लाट सरळ आत आली. बाबांनी वल्हं घातलं म्हणून तोंड फिरलं. मी इंजिनाचा टोप (वरचं झाकण) काढून बघतो तर तार तुटलेली आणि दांडी खाली लोंबतेय, कार्बोरेटरचं पान त्याच्या स्प्रिंगने मिटलेलं. मग मी बोटाने लिव्हर दाबून धरला, बाबांनी हॅण्डल धरलं आणि तसे परत आलो.

बाबा ६३ वर्षांचे आहेत. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तर मला नीट शिकायचंय. या क्लिपा काढायच्या कशा, बसवायच्या कशा, जुनी परत वापरली तर चालते का, आणि मापाच्या मिळतात कुठे. कुणाला हे काम येत असेल तर अगदी पहिल्यापासून सांगा, मला कमीपणा वाटणार नाही.

बंदरवाला – शनिवार, रात्री १०.१५

पहिली गोष्ट, सुखरूप आलात ते बरं झालं. दुसरी गोष्ट, चालू इंजिनात टोप काढून लिव्हरला हात परत कधीही लावू नका. वर फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) फिरत असतं, शर्टाची बाही किंवा गळ्यातला दोरा अडकला की संपलं. तशी वेळ आलीच तर इंजिन बंद करा, नांगर टाका, दांडी तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याने) बांधा आणि मग चालू करा. लाटांत नांगर टाकायला पण वेळ मिळत नाही हे मान्य, म्हणून तर क्लिप जमिनीवरच नीट बसली पाहिजे.

मी २६ वर्षं रत्नागिरीच्या बाजूला हेच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या इंजिनात एका तरी ठिकाणी तार, खिळा किंवा सेफ्टी पिन सापडतेच, आणि ज्याने लावली तो सांगतो की तात्पुरती लावली होती.

ई-क्लिप काढायची पद्धत सांगतो. क्लिपला तीन दात असतात आणि एक बाजू उघडी असते. ती वरच्या दिशेने उचकटायची नसते, आडवी ढकलायची असते, म्हणजे दांडीच्या काटकोनात, जिकडे तोंड उघडं आहे त्याच्या विरुद्ध दिशेला. उघड्या तोंडातून दांडीच्या दोन्ही बाजूंना क्लिपची जी दोन टोकं दिसतात त्यांना बारीक स्क्रू ड्रायव्हर आळीपाळीने लावायचा आणि थोडं थोडं मागे सारायचं. दुसऱ्या हाताचा अंगठा क्लिपच्या पाठीवर कायम. सुटली तर अंगठ्यात येईल, अंगणात जाणार नाही.

आणि त्याच्याही आधी करायचं ते म्हणजे क्लिपच्या भोकातून हातभर तंगूस ओवायचा आणि त्याचं दुसरं टोक कशाला तरी बांधायचं, कार्बोरेटरच्या बोल्टला बांधलं तरी चालतं. उडाली तरी तंगुसाला लोंबत राहते. होडीवाल्याच्या घरी तंगुसाला काय तोटा.

बसवायचं उद्या लिहितो, आत्ता जेवायला बोलावतायत.

तारकर्लीची – शनिवार, रात्री १०.५०

तंगुसाची युक्ती फार छान आहे, मी आजपर्यंत पारदर्शक पिशवी वापरत होते. दूध-दह्याची नाही, कपड्यांवर येते तशी मोठी स्वच्छ पिशवी, त्यात दोन्ही हात आणि तो भाग झाकून घ्यायचा आणि आतल्या आत काम करायचं. हात घामेजतात पण वस्तू जात नाही.

आमच्या दोन होड्या आहेत, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, दोन्हीचं मेंटेनन्स मी बघते. दहा जण लाइफ जॅकेट घालून बसलेले असतात, त्यातली दोन लहान मुलं असतात, त्यामुळे मला या विषयात कुणी "चालतंय की" म्हटलेलं अजिबात आवडत नाही. काम सुरू करायच्या आधी मोबाईलवर फोटो, प्रत्येक सांध्याचा दोन बाजूंनी, आणि क्लिप कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते दिसेल असा. मग अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, प्रत्येक खळग्यावर पेनने नंबर, ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने ठेवायचं. उलट्या क्रमाने परत लावत गेलं की शेवटी खळगा रिकामा आहे की नाही ते दिसतंच.

वायरीकर – रविवार, सकाळी ७.०५

सगळा खरा, पण आमच्या बापाशीन १८ वर्सा तारेवरच इंजिन चालवल्यान, काय एक झाला नाय. मालवणात गेलय तर क्लिप गावना नाय, कुडाळाक गेलय थय पण नाय, म्हणतत कोल्हापुराक बघ. तवसर दर्यावर जावचा नाय काय? तार चांगली जाड घाला आणि दर महिन्यान बदला, बस झाला.

बंदरवाला – रविवार, सकाळी ८.३०

वायरीकर, तुमच्या वडलांचा मान ठेवून सांगतो, १८ वर्षं त्यांनी दर महिन्याला न चुकता तार बदलली असेल म्हणून निभावलं. त्यांचं लक्ष होतं, तारेचं श्रेय नाही ते. तीच तार दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं ते वर लिहिलंय.

तार का टिकत नाही ते सांगतो. ई-क्लिप ही पोलादाची सपाट चकती असते, खाचेत तीन जागी धरून बसते आणि वॉशर सरकला तर त्याला पूर्ण अंगाने अडवते. तार गोल, ती खाचेच्या कडेवर टेकते, इंजिन थरथरतं तशी ती कडेवर घासत राहते, आधी तार झिजते आणि तार कडक असेल तर खाच झिजते. पिळलेल्या जागी ती आधीच दमलेली असते, तिथे तुटते. तांब्याची घातली तर आणखी वाईट, खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड पडते ती तीच.

तुटलीच दर्यावर तर किनाऱ्याला येण्यापुरती तार बांधा, त्याला कुणी नाही म्हणत नाही. किनाऱ्याला लागलात की ती काढायची, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही.

आता बसवण्याचं. खाच आधी साफ करा, जुन्या टूथब्रशला जरा पेट्रोल लावून. खाचेत मिठाचा किंवा गंजाचा थर असला तर क्लिप तळापर्यंत जात नाही, वरवर बसल्यासारखी वाटते आणि मग सुटते. बहुतेक वेळा नवीन क्लिप "आपोआप" निघाली असं लोक म्हणतात ते याच कारणाने. मग वॉशर घाला, वॉशर विसरू नका, तो नसला तर लिव्हर क्लिपला घासतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला मटारएवढं मरीन ग्रीस घ्या, त्याला क्लिप चिकटते, ती खाचेच्या तोंडाशी नेऊन टेकवा. मग नोजप्लायरने पाठीकडून सरळ दाबा, प्लायरचा एक जबडा क्लिपच्या पाठीवर आणि दुसरा दांडीच्या पलीकडे. तिरकं दाबलं तर क्लिप वाकते. टिक असा आवाज येतो. आला की तिथेच थांबा, अजून थोडं म्हणून दाबू नका.

शेवटी नखाने फिरवून बघा. थोडा जोर लावून फिरली तर उत्तम. खुळखुळत फिरली तर ती फाकलेली आहे, टाकून द्या. अजिबात फिरत नसेल तर माप लहान आहे किंवा खाचेत घाण आहे.

खाडीकाठचा – रविवार, सकाळी ९.१०

दादा, मनापासून आभार. मी बरोबर उलटं केलं होतं, वर उचकटली होती. एक विचारतो, जुनी क्लिप सापडली असती तर परत घातली असती तर चाललं असतं का?

बंदरवाला – रविवार, सकाळी ९.२५

दांडीवरची ई-क्लिप, नीट काढलेली, वाकलेली नाही, गंज नाही, नखाची परीक्षा पास झाली, तर एखाद वेळ चालते. मी स्वतः नवीनच घालतो कारण पाच-दहा रुपयांच्या वस्तूसाठी गिऱ्हाईकाचा जीव टांगणीला लावायचा नाही. पंख्याची स्प्लिट पिन (दोन पायांची, पाय वाकवून बसवायची) आणि पिस्टन पिनची क्लिप मात्र जुनी परत घालायची नाही, तिथे "एखाद वेळ" पण नाही.

लेथमशीन – रविवार, दुपारी १.३०

मी भोसरीत आहे, समुद्राशी संबंध फक्त सुट्टीत, पण क्लिपा हा माझा रोजचा विषय असल्यामुळे मापाबद्दल लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

ई-क्लिपचं माप दांडीच्या जाडीवरून नसतं, खाचेच्या तळाच्या व्यासावरून असतं. दुकानात जाऊन "६ च्या दांडीची द्या" म्हटलं आणि त्याने ६ नंबर दिला तर ती ढिली बसणार. ६ एमएम दांडीला साधारण ४ किंवा ५ ची खाच असते. जर्मन डिन मापात ४ नंबरची क्लिप ५ ते ७ एमएम दांडीसाठी असते, ५ नंबरची ६ ते ८ साठी, ६ नंबरची ७ ते ९ साठी. म्हणजे ६ च्या दांडीला दोन नंबर संभवतात, त्यामुळे खाच मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. व्हर्नियरच्या (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरच्या) पातळ टोकांनी खाचेत घालून मोजा. सर्क्लिपचं (खाचेत बसणारी जवळजवळ पूर्ण गोल कडी) मात्र वेगळं, तिचा नंबर दांडीच्या किंवा भोकाच्या व्यासावरूनच असतो, दोन्हीत गल्लत करू नका.

अजून एक बारकावा जो मला स्वतःला उशिरा कळला. आपल्या बाजारात डिनचा माल जास्त आणि तुमची इंजिनं जपानी. छोट्या मापात जपानी ३ ची असते तिथे जर्मन ३.२ ची मिळते. ३ च्या खाचेत ३.२ बसते खरी, पण ढिली. दुकानदार म्हणेल एकच आहे. एक नाहीये.

आता धातू. बाजारात मिळणारी काळी क्लिप स्प्रिंग स्टीलची, पकड जबरदस्त पण खाऱ्या हवेत गंज पकडते. स्टेनलेसची घ्या, टोपाखालच्या दांड्यांना ती उत्तम, फक्त स्टेनलेस थोडी मऊ असते, एकदा फाकली की फाकली, म्हणून ती काढली की टाकायचीच. चकचकीत झिंक चढवलेली दिसायला छान असते पण इतक्या कडक पोलादावर विजेने झिंक चढवताना नीट काळजी घेतली नाही तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि क्लिप काचेसारखी ठिसूळ होते, कधी तरी बसल्या बसल्याच तडकते. स्वस्तातली झिंकवाली घेऊ नका.

आणि सर्क्लिपच्या दोन बाजू सारख्या नसतात. पत्र्यातून ठोकून कापलेली असते त्यामुळे एका बाजूची कड गोलसर आणि दुसरीची धारदार. बोटाने चाचपलं तर कळतं. ज्या भागाला ती अडवते आहे त्याच्याकडे गोल कड आणि बाहेर, खाचेच्या भिंतीकडे, धारदार कड. उलटी घातली तर गोल कडेवरून भार घसरतो आणि क्लिप खाचेबाहेर यायला बघते.

तारकर्लीची – रविवार, दुपारी २.०५

हे दोन बाजूंचं मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं मी जशी हाताला येईल तशी घालत होते. आज संध्याकाळी दोन्ही इंजिनं बघते.

मस्कतहून – रविवार, दुपारी ३.४५

मी मूळचा गुहागरचा, इथे मरीनावर काम करतो. लोखंडी क्लिपांवर सगळं आलंय, मी प्लॅस्टिकच्या क्लिपांबद्दल लिहितो कारण त्याही तेवढ्याच असतात. दांडीचं टोक धरणारी जी काळी किंवा पांढरी नायलॉनची क्लिप असते, एका बाजूला भोक आणि दुसऱ्या बाजूने दांडीवर टच्चकन बसणारी, ती उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होते. जुनी काढताना मोडणारच, त्यामुळे खोलायच्या आधीच नवीन आणून ठेवावी. नवीन घालताना पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवायची, उकळत्या नाही, हाताला चटका बसेल इतपत. मऊ पडते आणि न तडकता बसते. गार झाली की पुन्हा घट्ट.

ग्रीसबद्दल पण सांगतो. बसवल्यावर प्रत्येक क्लिपवर मरीन ग्रीसचा पातळ हात फिरवा, गंज येत नाही. पण साधं पिवळं ग्रीस पाण्यात वाहून जातं, त्याचा उपयोग नाही.

चुंबकाचं एक. जमिनीवर पडलेली क्लिप लोक चुंबकाने शोधतात. काळी असेल तर लगेच चिकटते, स्टेनलेसची मात्र काही चिकटते, काही नाही चिकटत किंवा अगदी नावापुरती चिकटते. चुंबक फिरवून मिळाली नाही म्हणून क्लिप इंजिनात नाही असं समजू नका. इंजिनाच्या टोपाखाली हरवली असेल तर ती सापडेपर्यंत दोरी ओढायची नाही. फ्लायव्हीलखाली मॅग्नेटोच्या कॉइलपाशी गेली तर सगळं ओरबाडून काढते.

दोनसिलिंडर – रविवार, सायंकाळी ६.२०

पिस्टन पिनच्या क्लिपचं कुणीतरी सविस्तर लिहा प्लीज. मागच्या वर्षी माझं ४० हॉर्सचं इंजिन एका गॅरेजमध्ये रिंगा बदलायला दिलं होतं, १५ दिवसांत आतून खरखर यायला लागली. दुसरीकडे खोललं तर पिनची एक क्लिप जागेवर नाही, पिन सरकून सिलिंडरला उभी चर पडलेली, बोटाने लागत होती. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन घालावा लागला, पूर्ण सीझन गेला. कर्जाचे हप्ते चालू होते. त्यांनी जुनीच क्लिप परत घातली होती असं नंतर कळलं. आता मी स्वतः उभा राहून करून घेणार आहे पण बघायचं काय तेच माहीत नाही.

बंदरवाला – रविवार, रात्री ९.००

वाचून वाईट वाटलं. सीझन जाणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. सविस्तरच लिहितो, लांबलं तरी चालेल, कारण या एका क्लिपेने जेवढी इंजिनं माझ्यासमोर मारली तेवढी दुसऱ्या कशाने नाही.

पिस्टनमध्ये आडवी पिन असते, तिच्या दोन्ही टोकांना तारेची एक एक गोल क्लिप. ती क्लिप फक्त पिनला बाहेर येऊ देत नाही. पण पिस्टन मिनिटाला चार-पाच हजार वेळा जातो-येतो आणि प्रत्येक टोकाला थांबून उलटा फिरतो, तेव्हा ती एवढीशी तार पण पुढे-मागे हिसके खात असते. काढताना ती एकदा दाबली गेली की तिचा ताण कमी होतो. डोळ्याला काही दिसत नाही, गोलच दिसते. म्हणून काढली की तिथेच नोजप्लायरने वाकडी करून टाका, म्हणजे चुकूनही कुणी परत घालणार नाही. मी पोरांना हेच शिकवतो. आणि ही क्लिप कंपनीचीच घ्यायची, बाजारातली मापाला मिळतेजुळती नाही.

काम सुरू करताना आधी क्रँककेसचं (पिस्टनमागच्या, रॉड जिथे जातो त्या पेटीचं) तोंड बंद करा. स्वच्छ सुती कापड, एकच मोठं, तुकडे नकोत, आणि त्याचा पदर बाहेर लोंबता ठेवा. क्लिप आत पडली तर सगळं इंजिन सुटं करावं लागतं, दुसरा इलाज नाही. तुकडे घातले तर एखादा आतच राहतो.

मग पिस्टनची एक बाजूची क्लिप टेबलावरच बसवून घ्या, पिस्टन हातात असताना, आरामात, चांगल्या उजेडात. पिस्टन कनेक्टिंग रॉडवर चढवल्यावर मग एकच क्लिप बसवायची राहते. किती तरी जण दोन्ही वर अडचणीत बसवत बसतात. यामाहाच्या पिस्टनवर अप अशी खूण असते, ती फ्लायव्हीलच्या बाजूला. त्याप्रमाणे आधी विचार करा की कुठली बाजू शेवटी तुमच्या हाताला सोपी जाणार आहे, आणि दुसरी टेबलावर उरका.

काही इंजिनात पिनभोवती बेअरिंगच्या सुट्ट्या सुया (बारीक रूळ) असतात, त्यांना धरणारा पिंजरा नसतो. त्या खोलताना मोजून ठेवा, ग्रीसमध्ये चिकटवून बसवा आणि परत मोजा. एक कमी निघाली तर ती आत आहे असंच धरायचं.

आता क्लिप. एक टोक खाचेत घाला, बाकीची क्लिप अंगठ्याने हळूहळू भोकात वळवत न्या, शेवटचं टोक बोथट स्क्रू ड्रायव्हरने आत ढकला. पकडीने चेपून अर्धी करून घालू नका, गरजेपेक्षा जास्त चेपली की नवीन क्लिप पण जुनी झाली समजा. अंगठा शेवटपर्यंत समोर ठेवा, आणि डोळ्याला चष्मा लावा, माझ्या एका जुन्या जोडीदाराच्या बुबुळाला लागलेली आहे.

क्लिपचं उघडं तोंड कुठे ठेवायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. पिस्टनला भोकाच्या कडेला एक छोटी कापलेली जागा असते, क्लिप काढायला स्क्रू ड्रायव्हर घालण्यासाठी. तोंड त्या जागेसमोर येऊ द्यायचं नाही, नाहीतर टोकाला तिथे आधार राहत नाही. आणि तोंड पिस्टनच्या माथ्याकडे किंवा खालच्या कडेकडे ठेवायचं, आडवं नाही. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या प्रत्येक हिसक्याला क्लिपची टोकं जवळ येतात आणि तिची पकड क्षणभर ढिली होते. माथ्याच्या रेषेत ठेवलं तर तो हिसका टोकांना मिटवत नाही. आऊटबोर्डमध्ये पिस्टन आडवा चालतो, त्यामुळे वर-खाली म्हणताना लोक गोंधळतात, आकाश-जमीन बघू नका, पिस्टनचा माथा बघा.

बसली की बारीक खिळ्याच्या टोकाने पूर्ण गोल चाचपा. खाचेत सगळीकडे सारखी खोल हवी. एका जागी जरी उंच लागली तरी काढा आणि नवीन घ्या, तीच दाबत बसू नका. म्हणून क्लिपा नेहमी दोन जास्तीच्या मागवाव्यात.

दोनसिलिंडर, तुम्ही उभे राहाल तेव्हा एवढंच करा, नवीन क्लिपांची पुडी तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि जुन्या तुमच्या हातात मागून घ्या.

दोनसिलिंडर – रविवार, रात्री ९.२५

हे प्रिंट काढून ठेवतो. खूप खूप धन्यवाद.

तारकर्लीची – सोमवार, सकाळी १०.५०

काल दोन्ही इंजिनं बघितली. गिअरच्या दांडीवरची एक क्लिप अर्धी गंजलेली निघाली, बोट लावल्याबरोबर दोन तुकडे. सकाळच्या फेऱ्या एका होडीवरच केल्या, लोकांना थांबावं लागलं, थांबले.

पंख्याच्या पिनबद्दल मी भर घालते कारण ती आम्ही सारखी काढतो. नट कसल्यावर त्याची खाच आणि शाफ्टचं भोक जुळलं नाही तर नट सैल करून जुळवायचा नाही, अजून थोडा कसून पुढची खाच जुळवायची. पिन स्टेनलेसची, दर वेळी नवीन. पाय वाकवताना नटाला चिकटून वाकवा आणि लांब असतील तर छाटा. बाहेर राहिलेल्या पायात तंगूस अडकतो, मग तो पंख्यामागे गुंडाळत जाऊन आतल्या ऑइल सीलला कापतो. आमच्या एका इंजिनात गिअर ऑइल दुधासारखं पांढरं झालं तेव्हा कळलं की पाणी शिरलंय.

मस्कतहून – सोमवार, सकाळी ११.१५

ताई, अगदी बरोबर. आणि पंखा काढताना इंजिन बंद आहे एवढ्यावर राहू नका, दोरीवाल्या किल स्विचची क्लिप काढून खिशात ठेवा. गिअरमध्ये असताना पंखा फिरवला आणि इंजिन चालू झालं असं झालेलं आहे.

खाडीकाठचा – गुरुवार, रात्री ८.५५

अपडेट देतो. मित्राकडून व्हर्नियर आणला, खाच बरोबर ४ ची भरली. ब्रेकची तार तीन आठवडेच होती म्हणून खाच वाचली असावी. लेथमशीन दादांनी मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे स्टेनलेसच्या ३, ४, ५ अशा तिन्ही मापाच्या दहा-दहा मागवल्या, आज कुरिअरने आल्या.

पडवीतच बसलो. तंगूस ओवला, खाली पांढरी चादर घातली, ग्रीसने चिकटवली. पहिली तिरकी दाबली आणि वाकली, ती टाकून दिली. दुसरी टिक झाली. नखाने फिरवली, जोर लावून फिरते. बाबा शेजारी येऊन बसले होते, त्यांनीही नखाने फिरवून बघितली, दोनदा. मग म्हणाले बाकीच्या सांध्यांच्या पण बदल. मोजल्या तर टोपाखाली अशा एकूण पाच जागा निघाल्या, सगळ्या बदलल्या. उरलेल्या क्लिपा, चार स्प्लिट पिना, तंगुसाचा तुकडा आणि नोजप्लायर असं एका झाकणाच्या डब्यात घालून होडीत फळीखाली बांधून ठेवलंय.

उद्या पहाटेच्या भरतीला बाहेर जाणार आहोत.

बंदरवाला – गुरुवार, रात्री ९.१०

छान केलंत. पहिल्या फेरीनंतर टोप काढून पाचही जागा परत बघा, नवीन क्लिप निघायची असली तर बहुधा सुरुवातीलाच निघते. आणि आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुताना टोपाखाली पाईप मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वायरीकर – शुक्रवार, सायंकाळी ५.३०

खाच मोजलय. एका बाजून ५ भरता आणि दुसऱ्या बाजून साडेचार. तारेन खाल्लेली आसा काय? आता ५ ची घालू की ४ ची?

लेथमशीन – शुक्रवार, सायंकाळी ६.००

तारेनेच खाल्लेली आहे. दोन्ही घालू नका. ५ ची घातली तर साडेचारच्या बाजूला मोकळी राहणार, ४ ची घातली तर फाकणार. नवीन दांडी मिळत असेल तर तीच घ्या. नसेल मिळत तर मला पाठवा, मी त्याच मापाची स्टेनलेसमध्ये फिरवून खाच पाडून देतो. फक्त पाठवायच्या आधी दांडीची लांबी दोन्ही खाचांच्या मधली मोजून लिहून ठेवा, एक एमएमचा फरक पडला तर मॅग्नेटो आणि कार्बोरेटरचा मेळ बसणार नाही.

वायरीकर – शुक्रवार, सायंकाळी ६.२०

बरा. बापाशीक इचारतय आणि उद्या काढतय. इंजिन तेचा आसा.

वायरीकर – शनिवार, सकाळी ८.१०

दांडी काढली. खाचेपासून खाचेपर्यंत ११२. बापूसच मोजूक बसलो, माका हात लावूक देईना. पत्तो मेसेज करा.